स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला कायमचं ठेवता येईल अशी संस्था कशी निवडावी?

‘कायमचं ठेवणं’ हे कायद्यात बसत नाही, आधी हे समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार भाऊ स्वतः तयार नसेल तर भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची. त्यापुढे 90, मग 120, मग दर वेळी 180 दिवस, आणि प्रत्येक वेळी याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते. ‘घरचे नेत नाहीत’ एवढ्या कारणावरून कुणाला डांबून ठेवता येत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं उपचारासाठी आहेत. राहण्यासाठी निवासी पुनर्वसन केंद्र बघा.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र मागा. नसेल तर तिथूनच परत फिरा.

मग औषधांचं रजिस्टर उघडायला लावा. गोळी कुणी, किती वाजता दिली, रोज सही आहे का? महिन्याच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसल्या तर समजून जा. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल तर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी हवी. ही गोळी 48 तासांपेक्षा जास्त चुकली तर जुना डोस थेट देत नाहीत, पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढवतात. केअरटेकरला हे विचारून बघा. आणि भाऊ बिडी ओढत असेल तर आधीच सांगा: ती एकदम सुटली की रक्तातलं क्लोझापिन वाढतं, माणूस गुंगीत जातो, आणि सगळे म्हणतात ‘आता शांत झालाय’!

भेटायला न कळवता जा, शक्यतो जेवणाच्या वेळी.