वाचकांचे प्रश्न : भरताच्या धुराची आठवण देणारी बिअर

प्रश्न (एक वाचक, जळगाव) : पुण्याला मुलाकडे गेलो असता त्याने एका मायक्रोब्रुअरीत नेले. तिथल्या गव्हाच्या बिअरला मला चक्क पिकलेल्या केळ्याचा वास आला. तिच्यात केळ्याचा अर्क घालतात का? अशा वेगळ्या चवीच्या बिअर पारखायला शिकायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपल्या नाकाने अगदी बरोबर ओळखले. आपण घेतलेली बिअर बहुधा बव्हेरियातील ‘हेफेवाइझेन’ या प्रकारची असावी. तिच्यात निम्मे किंवा त्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गव्हाचे असते. मात्र केळ्याचा वास ना गव्हाचा असतो, ना कोणत्या अर्काचा. तो येतो यीस्टमुळे. आंबवण होत असताना हे यीस्ट आयसोअमिल अ‍ॅसिटेट नावाचे संयुग तयार करते आणि पिकलेल्या केळ्याला त्याचा ओळखीचा वास याच संयुगामुळे येतो. त्यामागोमाग लवंगेसारखा एक हलका तिखटपणा जाणवतो, तोही यीस्टचाच. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा वास पहिल्याच घोटात कळला, यात मला नवल वाटत नाही, आणि पारख शिकण्याची सुरुवातही इथूनच करावी, असे माझे मत आहे : परदेशी पुस्तकांतील वासांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा आपल्या घरातले आणि शेतातले वास ग्लासात शोधावेत.

गव्हाच्या बिअरनंतर बेल्जियमची ‘विटबिअर’ घ्यावी. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात. हूगार्डेन या गावची ही जुनी परंपरा १९५० च्या दशकात बंद पडली होती. पिएर सेलिस या तिथल्याच एका दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. आपल्या स्वयंपाकघरात धणे रोज भाजले जात असल्याने हा वासही आपल्याला परका वाटणार नाही.

पण खानदेशी माणसाला एकच बिअर सुचवायची झाली, तर मी जर्मनीतील बांबर्गची ‘रौखबिअर’ सुचवेन. तिचे माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर, त्याच्या धुरात वाळवतात आणि तो धूर थेट बिअरमध्ये उतरतो. बांबर्गच्याच ‘श्लेंकेर्ला’ या रौखबिअरची बाटली मी पहिल्यांदा उघडली, तेव्हा मला हिवाळ्यातली शेतावरची भरीत पार्टी आठवली : कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात टाकलेली हिरवी-पांढरी लांबट वांगी, करपलेली साल सोलताना भाजणारी बोटे, आणि हात धुतल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत बोटांना राहणारा तो धुरकट वास. अनेकांना या बिअरचा पहिला घोट आवडत नाही. त्यांनी ग्लास लगेच बाजूला सारू नये, कारण चार-पाच घोटांत नाक धुराला सरावते आणि मग त्याखालचा भाजलेल्या धान्याचा गोडवा वर येतो.

चव घेण्याची रीत सोपी आहे. ग्लासाला साबणाचा किंवा तेलाचा अंश नसावा, कारण त्याने फेस मरतो आणि फेसाबरोबर वासही जातो. बिअर बर्फासारखी गार असेल, तर पाच-दहा मिनिटे थांबावे. आधी वास घ्यावा, मग लहान घोट जिभेवर फिरवून गिळावा. कडवटपणा गिळल्यानंतरच नीट कळतो. एका बैठकीत तीन-चार लहान ग्लास पुरेत. हलक्या चवीकडून गडद आणि कडू चवीकडे जावे, आणि मध्ये पाणी व ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा घ्यावा.

प्रश्न (एक वाचक, धुळे) : झणझणीत शेवभाजीबरोबर आयपीए चांगली लागेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. आयपीए (इंडिया पेल एल) ही हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले, भरपूर घातलेली कडू बिअर. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना वाढवतात, आणि शेवभाजीतल्या काळ्या मसाल्याची चव त्या भांडणात हरवते. तिच्याबरोबर गव्हाची बिअरच घ्यावी.

प्रश्न (एक वाचक, भुसावळ) : मे महिन्यात पुण्याहून मोटारीने आणलेल्या बाटल्यांची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. माल जुना होता का?

उत्तर : तसे असेलच असे नाही, प्रवासातल्या उष्णतेनेही हे होते. ओल्या पुठ्ठ्याची चव ही प्राणवायूमुळे बिअर शिळी झाल्याची खूण आहे, आणि उष्णता ही क्रिया फार वेगाने घडवते. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना बंद मोटारीच्या डिकीत काय होत असेल, हे भुसावळकरांना सांगायला नको. हॉप्सच्या सुगंधावर उभी असलेली आयपीए सर्वांत आधी मरते. स्टाउट ही तीव्र, गडद बिअर त्या मानाने टिकते. मायक्रोब्रुअरीतून भरून आणलेली बिअर बहुधा पाश्चरीकरण न केलेली असते, त्यामुळे ती बर्फाच्या पेटीतूनच आणावी आणि एक-दोन दिवसांत संपवावी. बाटली घेताना तारीख पाहावी आणि दुकानाच्या उन्हातल्या फळीवरची बाटली घेऊ नये, विशेषतः हिरव्या किंवा पारदर्शक काचेची, कारण प्रकाशाने हॉप्समधील घटक बिघडून उग्र दुर्गंधी येते. तपकिरी काच त्यापासून बराच बचाव करते. बिअरच्या डब्यात (कॅनमध्ये) तर प्रकाश शिरतच नाही. उन्हाळ्यात पुण्याहून काही आणायचेच असेल, तर मी डबेच आणतो, तेही रात्रीच्या गाडीने.