चित्रपटात एखाद्या देशाची संस्कृती नेमकी कुठे दिसते?

पोशाख, सण आणि देवळे यांपलीकडे चित्रपटात एखाद्या देशाची संस्कृती कुठे शोधावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, दिग्दर्शकाने कथेतून काय वगळले आहे, तिथे ती आधी शोधावी. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा १९५३ चा ‘टोक्यो स्टोरी’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

ओनोमिची या बंदराच्या गावातील वृद्ध दांपत्य टोक्योतील मुलांकडे जाते. मुलगा डॉक्टर आहे, मुलगी केशभूषेचे दुकान चालवते आणि दोघांनाही सवड नसल्याने आईवडिलांची रवानगी आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर होते. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको मात्र रजा काढून त्यांना शहर दाखवते. गावी परतल्यावर आईचा मृत्यू होतो.

यात आईवडिलांच्या प्रवासाची बांधाबांध दिसते, त्यांचा गाडीतला प्रवास दिसत नाही. परतीच्या गाडीत आईची प्रकृती बिघडल्याचे आपल्याला ओसाकातील धाकट्या मुलाच्या बोलण्यातून कळते आणि ती अत्यवस्थ झाल्याची बातमी तारेने येते. घरात मोठे भांडण असे होतच नाही. अंत्यविधीनंतरच्या जेवणात मुलगी आईची वस्त्रे आठवण म्हणून मागते आणि सारे शांतपणे जेवत राहतात. कॅमेरा जमिनीलगत असतो, त्याचे कारण जमिनीवर बसण्याची जपानी पद्धत असल्याचे सांगतात. परंतु कचेरीतही तो तितकाच खाली असल्यामुळे मला ते स्पष्टीकरण अपुरे वाटते.

जपानचेच दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ला १९५१ मध्येच व्हेनिस चित्रपट महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते, ओझू मात्र परदेशी प्रेक्षकांसाठी ‘फारच जपानी’ मानले गेले आणि ‘टोक्यो स्टोरी’ न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहांत पोहोचायला १९७२ साल उजाडले. गंमत अशी की, या कथेचे बीज लिओ मॅकॅरी यांच्या १९३७ च्या ‘मेक वे फॉर टुमॉरो’ या अमेरिकी चित्रपटात आहे. ‘टोक्यो स्टोरी’चे सहलेखक कोगो नोदा यांनी तो पाहिला होता. म्हणूनच ही तुलना बोलकी ठरते. तिथे घर बँकेकडे गेल्यामुळे ताटातूट झालेले पतीपत्नी रेल्वे स्थानकावर निरोप घेताना आपले प्रेम स्पष्ट शब्दांत सांगतात. इथे, पत्नी गेल्यानंतर एकटे बाहेर उभे असलेले वडील बोलवायला आलेल्या नोरिकोला एवढेच म्हणतात की, पहाट फार सुंदर होती, आजही उकाडा होणार.