संदर्भ-प्रश्नांची नोंद कुठे ठेवावी?

प्रश्न : ग्रंथालयात वाचक जे संदर्भ-प्रश्न (माहिती शोधून देण्यासाठीचे प्रश्न) विचारतात त्यांची नोंद आम्ही वहीत रेघा मारून ठेवतो. वार्षिक अहवालात त्यातून फक्त एक एकूण आकडा देता येतो. यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर : आधी अहवालाचा कोरा तक्ता कागदावर आखा. त्यात जे रकाने लागतील तेवढेच नोंदीत ठेवा. वेळ, माध्यम (समक्ष, फोन, ईमेल), प्रश्नाचा प्रकार आणि लागलेले श्रम एवढ्यावर बहुतेक ग्रंथालयांचं भागतं. श्रमांसाठी ‘रीड’ (READ) ही संदर्भसेवेतले श्रम मोजणारी १ ते ६ अंशांची मोजपट्टी वापरा. ‘वाचनकक्ष कुठे आहे?’ याला १ आणि अनेक तासांच्या शोधाला ६, म्हणजे दोन्ही प्रश्न एकाच मापाने मोजले जात नाहीत. दिशा विचारणारे प्रश्न संदर्भसेवेच्या आकड्यात मिसळू नका. आकडा फुगतो आणि त्यावरचा विश्वास जातो.

सगळे प्रश्न एकाच टेबलावर येत असतील तर गूगल फॉर्म्स पुरेसं आहे. ईमेलने आलेला प्रश्न एकाने घ्यायचा, दुसऱ्याने पुरा करायचा, असं काम असेल तर मात्र लिबअ‍ॅन्सर्ससारखी ग्रंथालयांसाठीची प्रश्नोत्तर-प्रणाली लागते. तिथे प्रश्न कोणाकडे आहे आणि उत्तर गेलं की नाही, हे दिसतं.

निवडताना प्रत्यक्ष टेबलावर, गर्दीच्या वेळी चाचणी घ्या. एक नोंद पंधरा-वीस सेकंदांत होत नसेल तर कर्मचारी ती संध्याकाळी आठवून भरतील. फॉर्म भरल्याची वेळ आपोआप पडते, त्यामुळे दिवसभराचे प्रश्न संध्याकाळी सहाला आल्यासारखे दिसतात आणि कोणत्या तासाला माणूस वाढवायचा हे कळत नाही. म्हणून उशिरा भरायच्या नोंदीसाठी प्रश्नाच्या वेळेचा वेगळा रकाना हवाच. प्रकारांची यादी सहा-सातच्या वर नेऊ नका. लांब यादीत सगळं ‘इतर’मध्ये जातं. वर्षाच्या मध्ये प्रकार बदलले तर मागच्या महिन्यांशी तुलनाही तुटते.

विक्रेत्याला एक गोष्ट आवर्जून विचारा : सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (कोणत्याही तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी साधी मजकूर-फाइल) बाहेर काढता येतात का? ‘नाही’ म्हटलं तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी मजकुराच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. तेव्हा ‘डेटा’ विभागातून ती आयात करून यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट दाखवणारं अक्षर-संकेतन) निवडा. वाचकाचं नाव आकडेवारीत ठेवू नका; ईमेलचा पत्ता उत्तर पोचेपर्यंतच लागतो.