ख्रिस्ती माणसाने शहरातल्या जगण्यात किती मिसळावं?

तुम्ही म्हणताय शहरात नवीन आलोय, चर्चमधले सांगतात जगापासून लांब राहा आणि ऑफिसमधले म्हणतात चल नाटकाला, चल पार्टीला, मग करायचं काय. माझं मत विचाराल तर मिसळा, आणि चार दिवसांच्या पाहुण्यासारखं नाही, तिथलेच होऊन.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय काढून बघा. बाबेलात (म्हणजे बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, म्हणजे शहर चक्क शत्रूचं, तरी सांगितलंय काय तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि त्या शहराचं भलं बघा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं. (देव आशेचं भविष्य देईल म्हणणारं ११वं वचन सगळे फ्रेम करून भिंतीवर लावतात, शहराचं भलं बघायला सांगणारं ७वं कोणी लावत नाही!)

प्रेषित पौलाचंही तेच. अथेनैत (म्हणजे ग्रीसमधल्या अथेन्सला) जिकडेतिकडे मूर्ती बघून त्याचा जीव तळमळला हे खरं, पण तो शहर फिरला, 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली वेदी त्याच्या नजरेत भरली आणि भाषणात त्याने त्यांच्याच कवीची ओळ वापरली. ती आधी कुठेतरी वाचली-ऐकली असणारच ना. तेव्हा नाटक बघा, पुस्तकं वाचा, बिनधास्त.

आता पार्टीचं. ग्रीसमधल्याच करिंथ शहराच्या बाजारातलं मांस कधीकधी मूर्तीला वाहिलेलं असायचं, त्यावर पौल म्हणतो चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर त्याच्यासाठी खाऊ नका. मला हा हिशोब फार पटतो. पार्टीला जा, गप्पा मारा, दारू घेत नसाल तर एकदा हसून सांगा आणि विषय संपवा, लेक्चर नको. आणि घेत असाल पण शेजारी कोणी दारू सोडायला धडपडत असेल तर त्या दिवशी तुम्हीही ज्यूसच घ्या.

शिवाय चर्चबाहेरचं एक काम धरा. मी बिल्डिंगच्या मीटिंगला जातो, पाणी कचरा पार्किंग यावर दोन-दोन तास भांडणं होतात आणि शेवटी इतिवृत्त लिहायला कोणीच हात वर करत नाही, ते मी लिहितो. कंटाळवाणं आहे, पण सगळे ओळखतात. फक्त अशा ठिकाणी पहिल्याच भेटीत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायला काढू नका, लोकांना लगेच वास येतो. कोणी आपणहून विचारलं की रविवारी सकाळी कुठे असता, तर मात्र आढेवेढे न घेता सांगा.