'मॅच' एक की दोन?

कोथरूडहून एका आईने विचारलं आहे: सातवीतल्या मुलीला इंग्रजीच्या अभ्यासात 'मॅच'चे तीन अर्थ आले, सामना, जुळणं आणि आगकाडी. एकाच शब्दात हे तिन्ही आले कसे? काडी पेटीवर घासते, म्हणजे तीही एक झुंजच, असं त्यांनी मुलीला सांगून पाहिलं.

कल्पना सुरेख आहे, पण मूळ तसं नाही. सामना आणि जुळणं हा एक शब्द, आगकाडी हा दुसराच.

पहिल्याचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे, अर्थ 'जोडीदार, बरोबरीचा'. मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपली 'जोड' अगदी तशीच वागते. तालमीत वस्ताद कुस्तीची जोड लावतात ती दोघांचा वकूब बघून. लग्नात जोडा शोभतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या मॅचिंग सेंटरमध्ये आपण साडीचा पदर पसरून एकेक ब्लाउजपीस त्यावर ठेवून बघतो, तेही जोड लावणंच. बरोबरीचे दोघे समोरासमोर उभे केले की सामना होतो, तसा तो अर्थ इंग्रजीत रुजला. म्हणूनच एखादा दुसऱ्यासाठी 'नो मॅच' आहे याचा अर्थ 'त्याच्या तोडीचा नाही'. (1996च्या विश्वचषकात वेस्ट इंडीजपुढे केनियाबद्दल सगळे हेच म्हणत होते. आपल्या नेहरू स्टेडियमवर केनियाने 166 धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळलं!)

आगकाडीचा 'मॅच' आला फ्रेंचमधून. तिथे तो होता दिव्याची वात. पुढे तोफाबंदुकांना बत्ती देणाऱ्या, सावकाश जळणाऱ्या दोरीला तेच नाव मिळालं. त्या दोरीला आपण तोडा म्हणतो, आणि तोड्याची बंदूक म्हणजे इंग्रजीतली 'मॅचलॉक'. टोकाला गंधक लावलेल्या काड्याही मॅचच. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमधल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने 1827 साली विकायला काढल्या आणि वातीचं नाव काडीला कायमचं चिकटलं. आपली 'माचिस' त्याच इंग्रजी शब्दाच्या अनेकवचनातून आली.

'स्प्रिंग'चं मात्र उलट आहे. झरा, वसंत, गादीतली तार, हे सगळं एकाच 'उसळणे' या क्रियापदाचं कुटुंब: पाणी उसळतं, पालवी उसळून येते, दाबलेली तार उसळते.

चांगल्या इंग्रजी कोशात दोन वेगळे शब्द असतील तर नोंदी स्वतंत्र असतात आणि शब्दाला बारीक 1, 2 असे आकडे असतात. एकाच नोंदीखाली अर्थांची रांग असेल, तर शब्द एकच. मुलीला हे करून बघू द्या.

आणि तिला एक मराठी कोडंही घाला: पैलवानांचीही तालीम आणि नाटकाचीही तालीम, हे शब्द दोन की एक? एकच. मूळ अरबी, अर्थ 'शिकवण'.