१५ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गायींच्या गोठ्यासाठी वजनकाटा कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

१ टनाचा, चार लोडसेलचा (लोडसेल म्हणजे वजन मोजणारा सेन्सर) प्लॅटफॉर्म काटा घ्या (मोठा वळू असेल तर २ टनाचा), पण डिस्प्लेला 'होल्ड' मोड हवाच. गाय सारखी पाय बदलते, साध्या काट्यावर आकडा नाचत राहतो. होल्ड मोड सरासरी काढून तो धरून ठेवतो. काटा सिमेंटच्या कोब्यावर पाणसळ लावून बसवा, चारही पाय पक्के टेकले पाहिजेत. खरी गडबड होते ती कठड्यांमुळे. जमिनीत रोवलेला कठडा प्लॅटफॉर्मला घासला किंवा गाय त्याला रेलली, की वजन कमी दिसतं. म्हणून कठडे प्लॅटफॉर्मलाच जोडून घ्या. खाली शेण-खडे अडकले तरी तोच घोळ. केबल पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत.

तपासायला दुसरीकडे मोजून आणलेली ५० किलोची पेंडीची गोणी चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. एकाच कोपऱ्यावर आकडा वेगळा आला तर तो लोडसेल किंवा त्याखालचा पाया बघा. रबर मॅट टाकल्यावर झिरो करायला विसरू नका. वजन सकाळी, चारा-पाण्याआधी घ्या: ४० लिटर पाणी प्यायलेली गाय ४० किलोने जड भरते.

मात्र वजनावर खरेदी-विक्री करणार असाल, तर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलाच काटा लागेल, आणि त्याची दरवर्षी फेरपडताळणी.