उंबऱ्यापासून मोज

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. ‘अमेरिकेतला वर्णभेद आणि आपली जात यांची तुलना होत नाही, विषय बदल’ असं गाईड म्हणतात, आणि तू आता प्रबंध बाजूला ठेवून नाशिकच्या फुलेनगर वस्तीत रोपं लावायला निघाली आहेस. विषय बदलू नकोस. रोपंही आत्ता लावू नकोस. वस्तीतल्या माणसाला बाग किती लांब पडते ते आधी मोज, आणि घराच्या उंबऱ्यापासून मोज.

वर्ण आणि जात एकच आहेत, असं तुला सिद्ध करायचंच नाहीये. भेद जमिनीत कसा मुरतो एवढंच दाखवायचं आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात घरकर्जासाठी एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग मारला, म्हणजे इथे पैसा घालू नका. घरांच्या बाबतीतला हा भेद १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरला. तरी २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या लाल वस्त्यांमधल्या जमिनीचं उन्हाळी तापमान इतर भागांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त निघालं. नकाशे रद्द होऊन अर्धं शतक उलटलं, पण तिथे सावली पोचली नाही.

आपल्याकडचं उदाहरण तुला पाठ आहे, फक्त या नजरेने पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने त्याला १९२४ मध्ये मान्यता दिली. तिथल्या चवदार तळ्याचं पाणी दलितांना ओंजळीत घ्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठरावात तळं खुलं होतं, उंबऱ्यापासून तळ्यापर्यंतची वाट बंद होती. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. २ मार्च १९३० ला मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहात काळारामाच्या दारात काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

आता तुझा नकाशा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उद्यानाच्या मध्यबिंदूपासून ३०० मीटरचं बफर, म्हणजे वर्तुळ, मारलंस आणि आतली सगळी घरं ‘लाभार्थी’ धरलीस. अगं, बफर भिंत ओलांडतं, नाला ओलांडतं, पेठ रोडही ओलांडतं. माणसं फाटकातून आत जातात. म्हणून मोजमाप फाटकापर्यंतच हवं आणि रस्त्याने हवं. सरळ रेषेतले ३०० मीटर चालताना सहज दुप्पट होतात. फाटक पलीकडच्या कॉलनीच्या बाजूला असेल तर त्याहूनही जास्त. दहा-बारा घरं निवड, वस्तीच्या पुढची आणि पोटातली दोन्ही. प्रत्येक घरापासून एखाद्या आजीबरोबर आणि सात-आठ वर्षांच्या मुलाबरोबर चाल. किती मिनिटं लागली, रस्ता कुठे ओलांडला, फाटक किती वाजता उघडतं, तिकीट आहे का, वॉचमनने हटकलं का, हे तिथेच उभ्या उभ्या लिही. घरी येऊन आठवून लिहिलेलं धरू नकोस. सकाळी एकदा आणि संध्याकाळी सहाला एकदा जा, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाया दुपारी बागेत येत नसतात.

तापमान मोबाईलवरून घेऊ नकोस. तो हवामान अंदाजातला आकडा दाखवतो, तुझ्या बोळातला नाही. साधा थर्मामीटर घे, सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीपासून लांब धर, दहा मिनिटं थांब आणि मग वाच. दुपारी तीन आणि रात्री दहा, दोन्ही वेळा. रात्रीचा आकडा टाळू नकोस, वीट-काँक्रीट दिवसभर पिऊन ठेवलेली उष्णता तेव्हाच सोडतं आणि माणसं तेव्हाच झोपायला धडपडत असतात.

दारोदार जात विचारत फिरायचं नाही, हे मी बजावून सांगते. २०११ च्या जनगणनेत वॉर्डनिहाय अनुसूचित जाती-जमातींचे आकडे आहेत, ते वापर. मात्र ते वॉर्ड आणि २०१७ च्या निवडणुकीतले ३१ प्रभाग जुळत नाहीत. एकावर एक ठेवलेस तर निष्कर्ष फुकट जातील. झोपडपट्टी म्हणजे दलित वस्ती असंही गृहीत धरू नकोस.

आणि रोपं. दीड मीटरच्या बोळात, खालून पाइप गेलेले असताना, कडुनिंबाचा मीटरभर खोल खड्डा कुठे घेणार? पाणी तासभर येणाऱ्या घराने दोन-तीन उन्हाळे ते रोप कसं जगवायचं? फोटो निघतील आणि मे महिन्यात काठ्या उरतील. रोपांचा हट्ट धरलास की बागेची जबाबदारी महापालिकेकडून सरकून वस्तीवर येते. याच गोष्टीला माझा विरोध आहे आणि तो मी सोडणार नाही.

जागा कुठून येते ते बघ. आपल्या बांधकाम नियमांत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट, म्हणजे प्लॉट, पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कॉलनीतल्या बागा बऱ्याचदा अशा जागांवर उभ्या राहतात. लेआउटशिवाय वाढलेल्या वस्तीच्या वाट्याला ते १० टक्के कधी आलेच नाहीत. तिच्यासाठी उरतं ते शहराच्या विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे बागेसाठी राखून ठेवलेली जमीन. तपोवनातल्या झाडांसाठी शहर उठलं ते योग्यच झालं, पण उद्यानाचं आरक्षण उठतं तेव्हा आवाज होत नाही.

नाशिकचा आराखडा २०१७ चा आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. ती १० वर्षं २०२७ मध्ये भरतात. म्हणून तुझं मोजमाप निव्वळ प्रबंधासाठी नाही. उंबऱ्यापासून फाटकापर्यंतच्या मिनिटांचा तक्ता आणि ताब्यात न आलेल्या आरक्षणांची यादी शेजारी शेजारी ठेवलीस की संपादन आधी कुठे व्हायला हवं ते उघड दिसेल.

यादीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज कर. नमुना ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘उद्यानांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नकोस. उद्यान आणि क्रीडांगण आरक्षणांचे क्रमांक, क्षेत्रफळ, ताबा घेतल्याची तारीख आणि कलम १२७ खाली आलेल्या नोटिसा, एवढंच माग. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. पोच घेतल्याशिवाय महापालिकेच्या राजीव गांधी भवनातून बाहेर पडू नकोस. अर्ज टाकायच्या आधी मसुदा मला पाठव.

तुझी,
ताई